अर्धा फळा

आमची गौरी मास्तरांना थांबवते. गादीवर पालथी पडलेली, पाय हवेत, समोर मोबाईल. सर काहीतरी समजावून सांगत असतात, ही मध्येच बोट टेकवते, की सर उघड्या तोंडानं गप्प. मग ही उठणार, पाणी पिणार, मैत्रिणीशी पाऊण तास बोलणार, आणि परत येऊन बोट लावणार, की त्या बिचाऱ्यांनी पुढचं वाक्य बोलायचं. कधी कधी तर दुप्पट वेगानं पळवते. मी म्हटलं, "अगं बाई, मास्तर आहेत ते." तर म्हणे, "आजी, सर फार हळू बोलतात." हळू बोलतात! मी तडक गच्चीवर जाऊन वाळवण उलथत बसले.

दहावी आहे नातीची. देऊळगाव राजाच्या आमच्या या घरात फेब्रुवारी लागल्यापासून सगळे हळू चालतात, मिक्सरसुद्धा विचारून लावतात. बाहेर बाजारात सोलाण्याचे, म्हणजे ओल्या हरभऱ्याचे, ढीग लागलेत, गल्लीत कोणीतरी त्याचा हुळा भाजतं आणि तो हिरवा, जळका, खमंग धूर खिडकीतून आत येतो. लोकांना म्हणे त्या वासानं शेत आठवतं, लहानपण आठवतं. मला 'अवयव पाडा' आठवतं. दरवर्षी तेच. एवढी वर्षं नर्स म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले, गुडघे गेले, पण हुळ्याचा वास आला की अजूनही मनातल्या मनात कंस सोडवत बसते. वैताग आहे नुसता.

माझं सासर दुसरबीडच्या जवळचं. लग्न होऊन गेले तेव्हा माझे दहावीचे बाकीचे सगळे विषय सुटलेले होते, गणितात तेवढी नापास झाले होते. सासरी कोणाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. सुनेला गणित कशाला लागतं? पण गावच्या उपकेंद्रात एक सिस्टर होत्या, मेहकरकडच्या. त्या एकदा मला म्हणाल्या, "शोभा, तेवढं गणित काढून टाक. बुलढाण्याला नर्सचं ट्रेनिंग आहे, या उन्हाळ्यात पोरी घेणार आहेत. मी स्वतः तुझं नाव सांगते. पण दहावी पासचा कागद पाहिजे बरं, त्याच्याशिवाय दारात उभं करत नाहीत." झालं. तेव्हापासून ती पांढरी साडी माझ्या डोक्यात शिरली ती शिरलीच. मला जन्मभर शेतात करडई कापायची, सोंगायची नव्हती. इतकी साधी गोष्ट होती.

ज्यानं करडई सोंगली नाही त्याला हे कळायचं नाही. दव असेपर्यंतच तिच्याजवळ जायचं. ऊन चढलं की तिचे काटे असे कडक होतात की हाताला फडकी गुंडाळली तरी बोटांत शिरतात. पहाटे शेतात, नऊला घरी, मग चूल, मग धुणं, आणि दुपारी त्याच ठणकणाऱ्या बोटांनी मी पेन्सिल धरायची. हरभऱ्यातून आलं की पायांना त्याची आंबट आंब लागलेली, त्वचा चरचरायची. वहीची पानं धरली तिथं तिथं रक्ताचे बारीक ठिपके पडायचे, आणि मी त्यांना दशांशचिन्ह समजून दोनदा गणित चुकवलं आहे.

आमचे हे तेव्हा जालन्याला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात होते, रविवारी घरी यायचे. त्यांनी तीन बिघडलेल्या टीव्हींमधून एक चालणारा टीव्ही जुळवला आणि एका रविवारी एसटीच्या टपावर टाकून घरी आणला. दहावीच्या मुलांनी घरी बसून बघावेत म्हणून टीव्हीवर धडे लागायचे, दुपारी चारला, वीस मिनिटं. मला हळूच म्हणाले, "तुझ्यासाठी आणला." आणि घरात मोठ्यानं म्हणाले, "शेतीचे कार्यक्रम असतात." आमच्या यांचं सगळं असंच. घरातला पहिला टीव्ही, मग तो मांडायचा कुठं? बैठकीत! आल्यागेल्याला दिसला पाहिजे ना. घराच्या मातीच्या धाब्यावर अँटेना उभी राहिली, चपटी वायर भिंतीवरून खाली उतरली, सासूबाईंनी हळदीकुंकू वाहिलं, आणि समोरच्या बाजेवर मामाजी, म्हणजे माझे सासरे, टोपी घालून बसले.

आता इथं खरी मेख होती. मी मामाजींच्या समोर जात नसे. आमच्याकडे सून सासऱ्याच्या समोर बैठकीत जात नाही, त्यांच्याशी बोलत नाही, तेही सुनेशी बोलत नाहीत. त्यांना पाणी हवं असलं की भिंतीकडे बघून म्हणायचे, "कोणी आहे का घरात? पाणी आणा म्हणा." मी पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवायची. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि या माणसाचा चेहरा मी धड समोरून पाहिलेला नव्हता. चांगला माणूस हो! कधी वाकडा शब्द नाही, घासाला नावं ठेवणं नाही. पण रीत म्हणजे रीत.

म्हणून मी माजघराच्या दाराआड उभी राहून टीव्ही बघायची. दारातून टीव्हीपर्यंत तीन पावलं. आणि मध्ये काय, तर ज्वारीची कोठी! त्या कोठीमुळे मला पडद्याचा डावा अर्धा भागच दिसायचा. शिकवणाऱ्या बाई दिसायच्या, पुण्याकडच्या असाव्यात, कडक इस्त्रीची साडी, स्वच्छ बोलणं. त्या फळ्यावर गणित लिहायला लागायच्या, डावीकडचं मी भराभर उतरवून घ्यायची, मग त्या बरोबरचं चिन्ह काढायच्या आणि कोठीआड जायच्या. बरोबरच्या चिन्हापर्यंत माझं, त्याच्यापुढचं मामाजींचं.

तुम्ही म्हणाल, ऐकू तर येत होतं ना? येत होतं. काय ऐकू येत होतं सांगू? "हे पद इकडे घेतलं, की हे मिळतं. आता याचं हे झालं, म्हणून हे बरोबर हे. लक्षात आलं ना?" काय लक्षात येणार, कप्पाळ! आख्ख्या मराठी भाषेत त्या बाईंना गणित शिकवायला दोनच शब्द सापडले होते, हे आणि हे. मी दाराआड दात ओठ खात उभी.

आणि मला सगळ्यात राग कशाचा यायचा? एक परकी बाई रोज दुपारी आमच्या बैठकीत यायची, मामाजींच्या तोंडासमोर उभी राहून वीस मिनिटं बोलायची, आणि ते टोपी सावरून, धोतर गुडघ्याखाली ओढून, अगदी अदबीनं ऐकायचे. ते चालत होतं. घरच्या सुनेनं मात्र कोठीच्या अलीकडेच राहायचं.

पंधराएक दिवस असेच गेले. मग एका दुपारी मामाजी भिंतीकडे बघून एकदम मोठ्यानं बोलायला लागले. "उभा विळा. मंग फुली. मंग दोन. मंग पालथा विळा." मला आधी वाटलं, यांना ऊन लागलं. मग लख्खकन उजेड पडला. फळ्यावरचं उजवीकडचं वाचून दाखवत होते! मामाजी चौथी शिकलेले, इंग्रजी अक्षरं त्यांच्या बापजन्मी पाहिलेली नव्हती. कंसाला विळा म्हणत, एक्सला फुली, वायला बेचकं. "बेचकं, त्याच्या डोस्क्यावर बारका दोन." मी तोंडात पदर कोंबून हसले आणि हसता हसता उतरवून घेतलं. त्यांनी कोणाला सांगितलं? भिंतीला. मला तर ते बोललेच नव्हते.

आता माझं सगळं सुरळीत व्हायला हवं होतं की नाही? कसलं काय! मी गणितं पडताळून बघायची तर एकही जुळेना. डावीकडे उणे पाच, आणि उजवीकडचे कंस गुणले की अधिक पाच. आठ दिवस मी स्वतःलाच मठ्ठ समजून रडले. मग डोक्यात आलं, हे उणेचं चिन्हच सांगत नाहीत! आता विचारायचं कसं? सासूबाईंना मध्ये घातलं. त्या बैठकीच्या दारात जाऊन म्हणाल्या, "आवो, ते विचारून राह्यली, दोनच्या आंधी रेघ होती काय?"

"कोणती रेघ?"

"आडवी म्हणते."

"आडव्या रेघा तर लय होत्या! हा टीव्ही आहे का धोतराचा काठ आहे? पोट्ट्याले सांग, रविवारी आला का नीट कर म्हणा."

मी आत कपाळावर हात मारून घेतला. तीन टीव्हींचा जुळवलेला तो टीव्ही, त्याच्या पडद्यावर सदा आडव्या रेघा पळायच्या. उणेचं चिन्ह म्हणजे मामाजींना मशीनचा बिघाड वाटत होता, आणि भला माणूस तो बिघाड गाळून मला स्वच्छ गणित देत होता! सासूबाईंकरवी निरोप गेला की रेघही सांगा म्हणावं. तर दुसऱ्या दिवसापासून, "रेघ. विळा. रेघ. फुली. रेघ. रेघ. पुन्हा रेघ." पडद्यावर जेवढ्या रेघा हलतील तेवढ्या सांगायला लागले. यातली गणिताची कोणती आणि टीव्हीची कोणती, हे मी वहीत बसून ताडायचं. अशानं माझं उणे-अधिक इतकं पक्कं झालं की काय सांगू, पण तेव्हा जीव मेटाकुटीला आला होता.

बाकीचे ताप वेगळेच. चारला धडा, आणि पावणेचारला लाइट गेलेली. आली तर दाब इतका कमी की चित्र चारी बाजूंनी आक्रसून पोस्टकार्डाएवढं. कधी पडदाभर नुसत्या मुंग्या. कधी धडा रंगात आला की कोणी भाजीवाला बागवान आमच्या वांग्यांचा भाव विचारायला येऊन बसायचा आणि मामाजी त्याला म्हणायचे, "बस बे, बाई शिकवून राह्यल्या." तो बसायचा तो नेमका असा की उरलेला डावा अर्धाही गेला. आणि बाईंनी ऐन उत्तर लिहिलं की भिंतीला हाक, "चहा ठेवा म्हणा."

रविवारी मी यांच्यामागं लागले. "तुम्ही सांगा ना मामाजींना, मला समोर बसू द्या म्हणून."

"मी कसं सांगू?"

"तुमचे वडील आहेत."

"म्हणूनच तर. तू आईले सांग."

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "माही कुठं ना आहे? पण त्याहिले काय वाटीन?" म्हणजे यांची हरकत नव्हती, सासूबाईंची नव्हती, मामाजींना कोणी विचारलंच नव्हतं. परवा गौरीनं ही गोष्ट ऐकली आणि पटकन म्हणाली, "मग आजी, तू सरळ जाऊन बसली का नाहीस? कोणी अडवलं होतं?" मी तिच्यावरच खेकसले, "तुला काय कळतं गं!" मग स्वयंपाकघरात जाऊन विचार करत बसले. कोणी अडवलं होतं? कोणीच नाही. मनाई अशी कोणीही, कधीही केली नव्हती. हे आता उमगतं तेव्हा संताप येतो, आणि तो कोणावर काढायचा तेही समजत नाही, कारण त्या दाराआड मीच उभी होते.

परीक्षा आठ दिवसांवर आली. शेवटचा धडा भूमितीचा, वर्तुळाची स्पर्शिका. बीजगणिताचं विळा-फुलीवर भागत होतं, आकृतीचं काय करणार? बाईंनी वर्तुळ काढलं, मला त्याचा डावा काप दिसला. पुढचं सगळं कोठीआड. मामाजी सुरू झाले, "एक भाकर काढली. मंग भाकरीच्या बाजूनं एक काडी. भाकरीले लागली. मंग मधातून दुसरी काडी..." आणि थांबले. परत सुरू केलं, परत थांबले. मग एकदम चिडून ओरडले, "हे काही सांगण्यासारखं नाही!" बाज करकरली. ते उठले, टीव्हीला दोन्ही हातांनी कव घातली आणि तो मेजासकट माजघराच्या दाराकडे फिरवला. दोन महिन्यांत पहिल्यांदा आख्खा पडदा माझ्यासमोर आला. आणि वायर निसटली. खर्रर्र आवाज आणि पडदाभर मुंग्या.

तरी ते ओढतच होते. माझ्यातलं काय तुटलं देव जाणे. मी ती तीन पावलं कधी टाकली मला आठवत नाही. मी बैठकीत उभी होते, डोक्यावरचा पदर खांद्यावर, आणि ओरडत होते, "अहो मामाजी, ओढू नका ना! तुटेल ती, सोडा आधी!" सासऱ्यांशी आयुष्यात पहिल्यांदा बोलले ते हे. बोलले कसली, भांडले.

मामाजींनी हात काढले. मग म्हणाले, "मंग तूच धर."

मी टीव्हीच्या मागं जाऊन वायर पकडली आणि हातानं दाबली. बाईंचा आवाज आला. सोडली की गेला. धरली की आला. म्हणजे झालं काय, शेवटी मी बैठकीत पोचले ती टीव्हीच्या पाठीशी! वायर हातात धरून मी उभी, धूळ खाल्लेलं खोकं बघत, आणि त्या पुढच्या बाजूनं भूमिती बघतायत मामाजी. इतका राग मला कधी आला नव्हता. राग आणि हसू एकदम आलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

धडा संपल्यावर त्यांनी चुलीतला कोळसा मागितला. सासूबाईंनी नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर उकिडवे बसून त्यांनी भलंमोठं वर्तुळ काढलं, वाकडंतिकडं. मध्ये टिंब. बाजूनं टेकलेली रेघ. टिंबापासून टेकल्या जागेपर्यंत दुसरी रेघ. कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाले, "इथं काटकोन. बाईनं दोन डाव सांगतलं. इथं कायम काटकोनच राह्यते." मी समोर बसून वहीत उतरवलं. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं आणि मान डोलावून म्हणाले, "हाव."

आणि मला वाटलं, सुटलं एकदाचं! गेली ती रीत. तर दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीला हाक, "कोणी आहे का घरात? पाणी आणा म्हणा." मी तांब्या भरला, आणि उंबऱ्यावर ठेवला. मीसुद्धा! नेऊन हातात द्यायला काय झालं होतं मला? आजही स्वतःला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

गणितात मला अडतीस पडले. स्पर्शिकेचं प्रमेय आलं होतं, ते पूर्ण लिहिलं. सिस्टरनी शब्द पाळला, बुलढाण्याहून बोलावणं आलं. घरच्या वडीलधाऱ्याची लेखी संमती हवी होती, यांना दुकानातून सुटी मिळेना, म्हणून मामाजी माझ्याबरोबर निघाले. एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती. कंडक्टर दोनदा म्हणाला, "बाबा, बसा की, सूनच आहे ना?" मामाजी बुलढाण्यापर्यंत दांडा धरून उभे. मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात चरफडत होते.

ट्रेनिंगच्या बाई उंच, करड्या आवाजाच्या. त्यांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या. एका खुर्चीवर त्यांनी मामाजींना बसवलं आणि विचारलं, "बाबा, नीट विचार केलाय ना? मुलगी घरापासून लांब राहणार. पुरुषांना तपासणार, सुया देणार, चार लोकांत वावरणार. तुमची काही हरकत?"

मामाजी भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाले, "काऊन राहीन हरकत? तिनं साऱ्या दुनियेच्या समोर जावं."

बाईंनी माझ्याकडे कागद सरकवला. "बसा, भरा हा." मी उभीच. "अहो बसा ना, उभ्यानं कसा भरणार?" मी मामाजींच्या बाजूला नजर टाकली आणि परत खाली घातली. इतकं सगळं करून, गणित सोडवून, बुलढाण्याला येऊन, एका खुर्चीसाठी मी तिथं गोठले. मागं उभा असलेला शिपाई हसला. बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी कागद परत ओढून घेण्यासाठी हात पुढं केला, आणि मला वाटलं, गेलं सगळं.

तेवढ्यात मामाजी उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलली, गर्रकन भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून तिच्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बस म्हणा तिले," ते भिंतीला म्हणाले. "म्या पाहून नाही राह्यलो."

मी बसले आणि पेन उचललं.